सूज उतरली म्हणजे काळजी संपत नाही

‘चार दिवसांत सूज उतरली की आयलायनरच्या टॅटूची काळजी संपली’ हे पापणीच्या कडेला सुईने रंग भरून कायमची रेघ काढण्याविषयीच्या लेखातले विधान मला पटले नाही. पापणीच्या कडेला, केसांच्या मुळांलगतच, अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरवणाऱ्या मायबोमियन ग्रंथींची तोंडे असतात आणि सुईने त्यांना इजा झाली तर डोळे कोरडे पडण्याचा त्रास जडू शकतो. माझ्या थोरल्या बहिणीची काळीभोर रेघ काही वर्षांतच निळसर पडून कोपऱ्यात पसरली, पण त्याहून गंभीर वाटली ती एमआरआयच्या, म्हणजे शक्तिशाली चुंबकाने होणाऱ्या तपासणीच्या, वेळी तिच्या पापण्यांना झालेली चुरचुर. अशा अनेक रंगांत आयर्न ऑक्साइड हे लोहाचे संयुग असते आणि त्यावर चुंबकाचा परिणाम होऊ शकतो, म्हणून तपासणीआधी तंत्रज्ञाला टॅटूची कल्पना द्यावी लागते. निदान एवढे तरी लेखात यायलाच हवे होते.