डोळे पिवळे होण्याची वाट बघू नका

डोळे पिवळे नाहीत म्हणजे लिव्हर ठणठणीत, हा समज आपल्या डोक्यातून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला येणारी सूज. विषाणूंमुळे होणाऱ्या हिपॅटायटिसने जाणाऱ्या माणसांपैकी बहुतेक जण बी आणि सी या दोन विषाणूंमुळे जातात. आणि हे दोन्ही विषाणू डोळे पिवळे न करता, ताप न आणता, पोट न दुखवता पंधरा-वीस वर्षं शरीरात राहू शकतात. म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे, तरी शेवटपर्यंत वाचा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगणार नाही. पण रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसांचे चेहरे रोज बघते. "मला तर कधी कावीळ झालीच नाही, मग हे कसं काय?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहावं असं कधीपासून मनात होतं.

कावीळ म्हणजे नेमकं काय होतं ते आधी बघू. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. लिव्हर ते रक्तातून उचलतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. हे काम अडलं की बिलिरुबिन रक्तात साठतं. त्याची पातळी एरवी दर १०० मिली रक्तात १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली असते, ती अडीच-तीनच्या पुढे गेली की डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागतो. पित्तनलिकेत खडा अडकला तरी असं होतं, तांबड्या पेशी भराभर फुटायला लागल्या तरी होतं, आणि लिव्हरला सूज आली तरी होतं. त्यामुळे काविळीवरून आत कसली तरी गडबड आहे एवढंच कळतं. ती कसली आहे हे तपासणीशिवाय कळत नाही.

आणि याची उलट बाजू आपण विसरतो. लिव्हरला मंद सूज असली तरी बिलिरुबिन बाहेर टाकण्याचं काम बराच काळ बिनबोभाट चालू राहतं. सुमारे दीड किलोचा हा अवयव, निम्म्याहून जास्त कापून काढला तरी उरलेल्या भागातून पुन्हा वाढतो. त्याच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, दुखतं ते वरचं आवरण ताणलं गेलं की. म्हणजे सहनशक्ती अफाट आणि तक्रार जवळजवळ नाही. आतल्या आत मऊ पेशींच्या जागी घट्ट व्रणासारखे तंतू तयार होत जातात, त्यातून सिऱ्होसिस होतो, काहींना कॅन्सर होतो. पोटात पाणी भरणं, रक्ताची उलटी, बोलण्या-वागण्यात गोंधळ ही लक्षणं दिसतात तोवर फार उशीर झालेला असतो.

आता विषाणू. ए आणि ई हे दोन दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, गडद लघवी, मग पिवळे डोळे, असा सगळा प्रकार. मोठ्या माणसांत हा आजार चांगलाच जाणवतो, पण बहुतेक जण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. ए तर शरीरात कायमचा राहतच नाही, आणि त्याची लसही आहे. गर्भारपणात मात्र ई अतिशय घातक ठरू शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत त्याची लागण झालेल्या शंभर जणींपैकी २० ते २५ जणी दगावू शकतात. गरोदर बाईला कावीळ दिसली तर एक दिवसही घरी काढू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

ए आणि ई आपोआप बरे होतात, यामुळे एक मोठं नुकसान झालंय. आजार बरा व्हायच्याच वाटेवर असताना कोणीतरी काढा, पूड किंवा कसलीशी मुळी दिली की सगळं श्रेय तिला जातं. मग तोच उपाय बी किंवा सी असलेल्या माणसाला दिला जातो. पिवळेपणा ओसरतो, सगळे निश्चिंत होतात आणि विषाणू आत तसाच राहतो. शिवाय अशा पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, आणि ते पचवायचं काम त्या सुजलेल्या लिव्हरलाच करावं लागतं. याबद्दल मला मनापासून राग आहे.

बी रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. तो शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस तग धरतो. म्हणूनच दाढीचं ब्लेड, टूथब्रश, टोचायच्या आणि गोंदायच्या सुया कोणाशीही वाटून घ्यायच्या नाहीत. पण सगळ्यात महत्त्वाचं आहे ते लागण होतानाचं वय. मोठ्या माणसाला बी झाला तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत तो कायमचा राहतो, बाकीच्यांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. तोच जन्मताना बाळाला झाला तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत मुक्कामाला राहतो. म्हणून बीच्या लसीचा पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो. "पुढच्या वेळी देऊ" असं या डोसच्या बाबतीत चालत नाही. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर ठळकपणे कमी झाला. लस देऊन कॅन्सर टाळता येतो याचा हा पहिला मोठा पुरावा.

हा विषाणू सापडला त्याची गोष्ट मला फार आवडते. बारूक ब्लुमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ हिपॅटायटिस शोधतच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतात हे ते बघत होते. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तनमुन्यात त्यांना एक अनोळखी प्रथिन दिसलं, आणि पुढे कळलं की ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं आवरण आहे. १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २८ जुलै या त्यांच्या जन्मदिवशीच जागतिक हिपॅटायटिस दिन पाळतात. आज आम्ही लॅबमध्ये जी एचबीएसएजी नावाची टेस्ट करतो, ती त्याच प्रथिनाचा शोध घेते.

सी मुख्यतः रक्तातून पसरतो. १९७० च्या दशकात रक्त चढवलेल्या अनेकांना हिपॅटायटिस व्हायचा, पण तपासलं तर ए नाही आणि बीसुद्धा नाही. तो विषाणू ओळखता आला १९८९ मध्ये. त्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. सीवर अजून लस नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या गोळ्या आठ ते बारा आठवडे घेतल्या की शंभरातले पंचाण्णवहून जास्त जण पूर्ण बरे होतात. विषाणू शरीरातून जातो, अगदी कायमचा. दीर्घकाळ राहणारा विषाणूजन्य आजार गोळ्यांनी असा मुळापासून बरा होणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ती बहुतेकांना माहीतच नाही.

इजिप्तचं उदाहरण बघा. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथे एका परजीवी जंतावर उपचार म्हणून लाखो लोकांना इंजेक्शनं दिली गेली. सुया आणि सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे त्यातूनच सी देशभर पसरला. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी केली आणि ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना मोफत औषधं दिली. म्हणजे हे होऊ शकतं, फक्त आधी शोधावं लागतं.

आणि शोधण्यातच जग मागे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये २५.४ कोटी लोक बीसोबत आणि ५ कोटी लोक सीसोबत जगत होते. त्या वर्षात विषाणूजन्य हिपॅटायटिसने १३ लाख माणसं गेली. बी असलेल्या शंभरांपैकी फक्त १३ जणांचं निदान झालेलं होतं, आणि उपचार मिळत होते फक्त तिघांना.

आता लॅबमधली एक गोष्ट, जी तपासणी करून घेणाऱ्यांनाही ठाऊक नसते. "माझं लिव्हर फंक्शन नॉर्मल आलंय" म्हणून लोक निर्धास्त होतात. त्या टेस्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य), बिलिरुबिन वगैरे बघतात, विषाणू शोधत नाहीत. बी किंवा सी शरीरात असूनही हे आकडे व्यवस्थित येऊ शकतात. बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही वेगळी सांगावी लागते. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. विषाणू कधीतरी येऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. आज तो आहे का, हे एचसीव्ही आरएनए टेस्टने कळतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे की प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा तरी या दोन्ही विषाणूंसाठी तपासणी करावी. मला तो मनापासून पटतो. बी निगेटिव्ह आला आणि लस झालेली नसेल, तर ती मोठेपणीही घेता येते. बी टळला की डीसुद्धा टळतो, कारण डी हा विषाणू बीच्या आधाराशिवाय जगूच शकत नाही.

पॉझिटिव्ह आलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा उपचारांचा नसतो. "आता घरात माझं ताट वेगळं ठेवायचं का? मुलांना जवळ घेऊ ना?" हे विचारतात. खूप वाईट वाटतं. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, हात हातात घेतल्याने बी किंवा सी पसरत नाही. बाळाला वेळेवर लस दिलेली असेल तर बी असलेली आई त्याला अंगावर पाजू शकते. ज्या माणसाला आपण वेगळं बसवतो त्याचं बघून दुसरा माणूस तपासणीलाच जात नाही, आणि या भीतीपायीच हा आजार लपून राहतो.

लिव्हरच्या बाकीच्या काळजीबद्दल थोडक्यात. डिटॉक्सच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कशाचीही लिव्हरला गरज नाही. दारूची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा नाही, आणि ज्यांना बी किंवा सी आहे त्यांनी तर तिला शिवूच नये. पोटाचा घेर, मधुमेह आणि फॅटी लिव्हर बहुधा हातात हात घालून येतात. वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर चरबीबरोबर सूजही कमी होऊ शकते. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत सुरक्षित आहे, पण ते सर्दीच्या आणि अंगदुखीच्या अनेक गोळ्यांतही असतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर नकळत मात्रा वाढते आणि तेच औषध लिव्हर निकामी करू शकतं. पाकिटावरचे घटक वाचा.

आणि ज्यांना बीचं निदान झालंय त्यांना तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. बीवरच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, सहसा पूर्ण घालवत नाहीत. त्यामुळे "आता बरं वाटतंय" म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, विषाणू पुन्हा उसळून लिव्हर एकदम निकामी होऊ शकतं. दुसरं, केमोथेरपी किंवा जास्त दिवसांचे स्टेरॉइड सुरू होणार असतील तर आपल्याला बी आहे हे त्या डॉक्टरांना आधी सांगा. तिसरं, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर आई, भावंडं, जोडीदार आणि मुलं यांचीही एचबीएसएजी करून घ्या, त्यांना काही होत नसलं तरी.