सीएसआर म्हणजे टॅक्स वाचवणं? आधी कायदा वाचा

आमच्या ठाण्याच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "एमबीएला एथिक्स आणि सीएसआर शिकवणं म्हणजे फी पाण्यात", आणि खाली पाच मुद्दे. (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी करायचा खर्च.) मी सोडून दिलं असतं, पण ऐरोलीची माझी भाची तो वाचून एथिक्सचा पेपर पासापुरता करायचं म्हणतेय. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

सगळ्यात खोटा मुद्दा, "सीएसआर ही टॅक्स वाचवायची युक्ती." कुठून आणता हे? कंपनी कायदा २०१३, कलम १३५ उघडा. आधीच्या वर्षी नेटवर्थ ५०० कोटी, टर्नओव्हर १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. आणि २०१४ च्या बजेटमध्ये इन्कम टॅक्स कायद्यातच लिहून टाकलंय की हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळणार नाही. म्हणजे शाळेला एक कोटी दिले तरी त्या कोटीवरचा टॅक्स भरायचाच. हां, काही देणग्यांवर कंपन्या ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सूट, मागतात, तेवढं मान्य, पण त्यावरूनही टॅक्स ट्रिब्युनलमध्ये भांडणं चालतात, आणि स्वच्छ भारत कोशाला सीएसआरमधून दिलं तर तेही नाही.

त्यालाच जोडून "सीएसआर केला की झालं, अजून काय शिकवायचं?" हे तर जास्त घातक. सीएसआर नफा झाल्यावर येतो, तो नफा कसा कमावला हा प्रश्न वेगळाच राहतो. २०१७ ला तळोजा एमआयडीसीत कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी दिसायला लागली, प्रदूषण मंडळाला कारखाना बंद करावा लागला. अशा वेळी शाळेत बाकं वाटून काय होणार होतं?

"फ्रीडमन म्हणाले कंपनीचं काम फक्त नफा." अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७० च्या त्याच लेखात समाजाचे नियम पाळून, कायद्यातले आणि नैतिकतेचेही, अशी अट आहे. फॉरवर्डमध्ये ती गायब.

"संस्कार घरीच होतात." घरी खोटं बोलू नको सांगतात हो, रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन, म्हणजे कंपनीचा मालकाच्या घरच्यांशी होणारा व्यवहार, कोणती आई समजावते?

"सत्यमच्या बोर्डावर प्रोफेसर होतेच की." सत्यम म्हणजे घोटाळ्यात सापडलेली आयटी कंपनी. तिथे प्रोफेसर होते, हार्वर्डचे होते, आयएसबी या बिझनेस स्कूलचे डीन होते, नाकारत नाही. डिसेंबर २००८ मध्ये चेअरमन रामलिंग राजूंच्या घरच्याच मायटास कंपन्या विकत घ्यायला त्या बोर्डाने हो म्हटलं, आणि गुंतवणूकदार भडकले तेव्हा कुठे सौदा मोडला. पुढच्याच महिन्यात राजूंनी घोटाळा कबूल केला. यावरून शिकवणं बंद करायचं ठरतं का? वर्गात नेमकी हीच मीटिंग घ्या, प्रत्येकाला डायरेक्टर करा आणि विचारा, सही करणार का?

कारण पुढे सही या एमबीएच्या मुलांनाच करायचीय. २०२१ च्या नियमांपासून सीएसआरचे पैसे ठरल्या कामालाच गेले हे सीएफओला, म्हणजे कंपनीच्या फायनान्स प्रमुखाला, सर्टिफाय करावं लागतं, आणि उरलेले पैसे मुदतीत ठरलेल्या निधीत किंवा खात्यात टाकले नाहीत तर दंड कंपनीला होतो आणि जबाबदार अधिकाऱ्यालाही होतो.