पिक्चर बघायचा कुठं तेवढं सांगा की राव

परत स्टेटसला आमच्या पोरांच्या शॉर्टफिल्मचं पोस्टर. फेस्टिवलात निवड झाली की लावतात ती दोन बाजूंची लॉरेलची पानं एवढी चिकटवलीत की हिरोचं तोंडच दिसंना. 'ऑफिशियल सिलेक्शन', खाली 'वर्ल्ड प्रीमियर', आणि आम्ही लाइनीनं अभिनंदन भावा, अभिनंदन भावा. अरे पण पिक्चर बघायचा कुठं? शूटिंग तासगावात द्राक्षाच्या बागेत, जेवणाचे डबे आमच्या घरचे, गर्दीत उभी आमचीच माणसं, आणि प्रीमियर मात्र युरोपातल्या कुठल्यातरी गावात!

आता कान-बर्लिनसारख्या मोठ्या फिल्म फेस्टिवलच्या कॉम्पिटिशनला जायचं तर आधी नेटवर टाकून चालत नाही, त्यांना प्रीमियर लागतो, हे कळतं मला. पुण्याच्या पिफ किंवा गोव्याच्या इफ्फी फेस्टिवलात लागला तर पदरच्या खर्चानं तिथं येतो. पण ते दर महिन्याला ऑनलाइन भरणारे फेस्टिवल, डॉलरमध्ये एंट्री फी, कॅटेगऱ्याच कॅटेगऱ्या, ट्रॉफी पाहिजे तर तिचे पैसे वेगळे, ना थिएटर ना प्रेक्षक, आणि बातमी काय तर 'सांगलीच्या सुपुत्राचा सातासमुद्रापार डंका'. कसला डंका, कुणी वाजवला?

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच सांगलीत केलं, नाट्यपंढरी म्हणून आपण अजून मिरवतो, आणि तुम्हाला वीस मिनिटांची फिल्म दाखवायला इथं एक हॉल मिळंना? लिंक मागितली तर म्हणे प्रायव्हेट आहे, पासवर्ड फक्त ज्युरीला. ज्या आज्जीनं त्यात चार दिवस उन्हात काम केलं तिला तरी द्या की तो पासवर्ड, रोज विचारतीय बिचारी.