‘अजून गोडो ३ वरच?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. स्टार दोनच दिलेत, पण रिव्ह्यू मन लावून लिहिलाय, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: १२० हर्ट्झच्या फोनवर आमचा पोस्टमन पळताना धक्के खातो, पत्रं मोठी करून वाचायला गेलं की अक्षरं फुटतात, आणि दोन्हीचं मूळ एकच, गेम ज्यावर बनतो त्या गोडो इंजिनची ४ ही आवृत्ती येऊन इतका काळ लोटला तरी आम्ही आळसाने ३ वर बसलोय. ‘अपग्रेड म्हणजे एक बटण दाबायचं काम’ हेही तुमचंच वाक्य.

आधी धक्के. आमच्या गेममध्ये हालचालीचं गणित सेकंदाला ६० वेळा होतं आणि तुमची स्क्रीन सेकंदाला १२० चित्रं दाखवते. म्हणजे पोस्टमन एकाआड एका चित्रात होता तिथेच असतो, आणि दोघांचे ठोके जरा मागेपुढे झाले की एखादं चित्र जास्तीचं अडकतं. तोच तुम्हाला दिसणारा धक्का. यावर इलाज म्हणजे दोन गणितांच्या मधली जागा काढून त्याला तिथे दाखवायचं, यालाच इंटरपोलेशन म्हणतात. आता तारखा बघा. गोडो ४.० आलं मार्च २०२३ मध्ये. पण २डी गेमसाठीची ही सोय त्यात नव्हती, ती आली ऑगस्ट २०२४ मध्ये, ४.३ बरोबर. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ३.६ आलं, त्यातही तीच सोय आहे. म्हणजे तुमचं ऐकून आम्ही २०२३ मध्येच उडी मारली असती, तर पुढचं जवळजवळ दीड वर्ष हेच धक्के नव्या इंजिनवर खात बसलो असतो. शिवाय ४.० साठी सगळे नकाशे नव्या टाइलमॅपवर (चौकटी जोडून नकाशा मांडणारा इंजिनचा भाग, म्हणजे नोड) आणायचे, आणि ४.३ ने तोच टाइलमॅप नोड मागे टाकून टाइलमॅपलेयर आणला, म्हणजे परत तेच काम. (जुना नोड अजून चालतो, पण ज्याला पुढे वाली नाही त्यावर नवं काम कोण चढवणार?)

तुमच्या फोनवर आहे ती आवृत्ती ३.५ वर बांधलेली आहे. ३.६ वरची सध्या बीटात, म्हणजे चाचणीत, आहे. ती सगळ्यांना अजून का दिली नाही, तर पोस्टमन एका घराच्या दारातून शिरून दुसऱ्या वाडीत निघतो ना, तिथे इंजिन त्याला इमानदारीत मधल्या सगळ्या जागांतून ओढत नेतं आणि तो अख्ख्या स्क्रीनवरून सर्रकन उडत गेलेला दिसतो. अशा प्रत्येक ठिकाणी इंटरपोलेशन रीसेट करावं लागतं. दारं पुष्कळ आहेत, होडीच्या फेऱ्या वेगळ्याच.

आता ते एक बटण. गोडो ४ मध्ये जुना प्रोजेक्ट बदलून देणारं टूल आहे, खोटं नाही. पण ते पाट्या बदलतं, रस्ते नाही. पात्र हलवणाऱ्या किनेमॅटिकबॉडी या नोडचं नाव कॅरेक्टरबॉडी करून देतं. पण वेग आता वेगळ्या पद्धतीने द्यावा लागतो, कोड मधे थांबवून ठेवणाऱ्या यील्डच्या जागी अवेट आलंय, हालचाल हळूहळू घडवणाऱ्या ट्वीनचा नोडच राहिलेला नाही. यातलं काही टूल बदलून देतं, पण बाकीचं हातानेच निस्तरायचं.

आणि खरी गोम तर सेव्ह फाइलमध्ये आहे. तुमची प्रगती आम्ही इंजिनच्या स्वतःच्या बायनरी स्वरूपात साठवतो. त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला क्रमांक असतो. गोडो ३ मध्ये डिक्शनरीचा (नाव आणि त्याची माहिती अशा जोड्यांच्या यादीचा) क्रमांक १८ आणि ४ मध्ये २७, कारण मधे नवे प्रकार घुसलेत. म्हणजे नुसतं अपग्रेड करून अपडेट सोडला असता, तर नव्या गेमला तुमची जुनी सेव्ह वाचताच आली नसती आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पत्रापासून. मग दोनचा एक स्टार व्हायला कितीसा वेळ! यावर मार्ग आहे: आधी ३ वरूनच एक अपडेट द्यायचा, जो सेव्ह जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहून ठेवेल, आणि तो लोकांच्या फोनवर पुरता पोचला की मगच पुढे जायचं. ते जेसन ३.६ च्या बीटात घातलंय. म्हणजे दार उघडं ठेवलंय, आज त्यातून जायची गरज नाही एवढंच.

पत्रांच्या बाबतीत मात्र दोष इंजिनचाच, हे तुम्ही अचूक ओळखलंत. गोडो ३ ला देवनागरी जुळवता येत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर पाय मोडलेला प, सुटा र आणि त्याच्या मागे लोंबणारी वेलांटी असं काहीतरी उमटतं. म्हणून आमची सगळी पत्रं ही चित्रं आहेत, आणि कमी रॅमच्या फोनवर मावावीत म्हणून ती लहान ठेवलीत. गोडो ४ मध्ये अक्षरं जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आहे, त्यामुळे जोडाक्षरं जशीच्या तशी येतात. आमच्यासाठी ४ चं खरं आकर्षण हेच, नवे दिवे आणि सावल्या नव्हेत. पण या गेमची पत्रं लिहून झालेली आहेत, त्यांत आता भर पडायची नाही. तेवढ्यासाठी ओपनजीएल ईएस २ (स्क्रीनवर चित्र काढायची जुनी पद्धत) वर चालणाऱ्या जुन्या फोनवरच्या खेळाडूंना बाहेर काढणं आम्हाला पटत नाही. ४ ला किमान ईएस ३ लागतं, आणि आई-बाबांच्या जुन्या फोनवर खेळणाऱ्या मुलांचे मेल आम्हाला येतात. त्याऐवजी मोठ्या स्क्रीनसाठी पत्रांची मोठी चित्रं वेगळी डाउनलोड करता येतील, तीही ३.६ बरोबरच.

पुढचा गेम संवादांवर चालणारा आहे, सगळा मराठीत. तो पहिल्या दिवसापासून गोडो ४ वरच आहे. त्यातही सुरुवातीला धरलेली आवृत्ती शेवटपर्यंत तीच, मधे फक्त बग दुरुस्तीचे छोटे अपडेट घ्यायचे, असं ठरलंय.

हा गेम ४ वर न्यायची वेळ येऊ शकते. गेम अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधायचा, म्हणजे टार्गेट, याची अट प्ले स्टोअर दरवर्षी पुढे सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून अपडेट टाकायचा तर किमान अँड्रॉइड १५ टार्गेट करायची अट आली. अशी एखादी अट ३ वरून पुरी होईनाशी झाली, की त्या दिवशी आम्ही वाद घालत बसणार नाही.

बीटा हवी असेल तर सपोर्टच्या मेलवर फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती कळवा. आहे त्या सेव्हची प्रत आधी काढून ठेवा, सेटिंग्जमध्ये त्याचं बटण आहे. स्टारचं काय करायचं ते खेळून झाल्यावर बघा.