घर्षण नेहमी गतीच्या विरुद्धच असते का? एक खुलासा

'घर्षण बल नेहमी वस्तूच्या गतीच्या विरुद्ध लागते, म्हणून ते वस्तूला फक्त थांबवू शकते, पुढे नेऊ शकत नाही' असे विधान परीक्षेच्या टिपणांतून सध्या फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध अपुरा असून उत्तरार्ध चुकीचा आहे. घर्षण विरोध करते ते एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या परस्परांवरील घसरण्याला; जमिनीच्या संदर्भातील गतीला नव्हे.

टेम्पोच्या हौद्यात न बांधलेली ५० किलोची गोणी आहे आणि टेम्पो दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवत निघाला आहे, असे समजा. गोणीही त्याच्यासोबत वेग घेते, म्हणजे तिच्यावर पुढच्या दिशेने १०० न्यूटन बल लागलेच पाहिजे, आणि ते हौद्याच्या घर्षणाखेरीज दुसरे कोणी देत नाही. येथे स्थितिक घर्षणांक (घसरण्यापूर्वीचे कमाल घर्षण आणि पृष्ठभागावरील लंब दाब यांचे गुणोत्तर) ०.४ धरला, तर अनेक विद्यार्थी त्याला गोणीच्या सुमारे ५०० न्यूटन वजनाने गुणून घाईने घर्षण २०० न्यूटन लिहून मोकळे होतात. वस्तुतः ती केवळ कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्षातील बल गरजेपुरतेच, १०० न्यूटन, असते. त्वरण (वेगवाढीचा दर) दुप्पट झाले की ही मर्यादा गाठली जाते, आणि त्यापुढे गोणी मागे सरकू लागते.

मोटारसायकल वेग घेताना साखळीने फिरणारे मागचे चाक रस्त्याला मागे रेटते, म्हणून त्यावरील घर्षण पुढे असते. पुढच्या चाकावरचे मात्र मागे.