स्वल्पविरामाचा सासुरवास

आमच्या टीममध्ये सी भाषेत कोड लिहिताना मजकूर छापणारं प्रिंटएफ थेट वापरणं अशिष्ट समजलं जातं. लॉगचा, म्हणजे नोंदी छापण्याचा, मॅक्रो वापरायचा. मॅक्रो म्हणजे एका नावामागे ठेवलेला तयार कोड. तो फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर स्वतःच डकवतो, मग आपला संदेश, आणि त्यापुढे तीन टिंबं. तीन टिंबं म्हणजे पुढे काय हवं ते द्या, कितीही द्या. तापमान द्या, व्होल्टेज द्या, सगळं गुण्यागोविंदानं चालतं. पण एखाद्या साध्या माणसानं नुसतं 'मोटर सुरू' लिहिलं, की कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपाइलर हंबरडा फोडतो.

कारण इतकंच, की मॅक्रोत संदेशानंतर एक स्वल्पविराम आधीच लिहून ठेवलेला असतो. कंपाइलरच्या आधी मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरला सी कळत नाही, कापणं आणि चिकटवणं तेवढं येतं. तीन टिंबांच्या जागी कुणी आलंच नाही, तरी तो स्वल्पविराम ठेवतो आणि कंस बंद करून मोकळा होतो. पाहुणा नाही, पण पान मांडलेलं. बरं, बोट दाखवलं जातं ते 'मोटर सुरू'च्या ओळीकडे नाही, तर मॅक्रो जिथे लिहिलाय त्या हेडर फाइलकडे, जिला गेल्या दिवाळीपासून कुणी शिवलेलं नाही.

जुन्याजाणत्यांचा तोडगा असा, की संदेशात टक्का-एस ('इथे मजकूर भरा' अशी खूण) घालायचा आणि पुढे रिकामी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरच नसलेला मजकूर, द्यायची. आमच्या कोडमध्ये अशा रिकाम्या स्ट्रिंगा इतक्या आहेत, की नवीन मुलं तो कुळाचार समजून पाळतात.

"अरे, संदेशसुद्धा तीन टिंबांतच ढकल ना," मॅडम म्हणाल्या. ढकलला. पण मग फाइलच्या नावासाठी वेगळा प्रिंटएफ आला, आणि प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी दोन कामं, म्हणजे टास्क, एकदम बोलायला लागल्यावर नाव एकाचं, गाऱ्हाणं दुसऱ्याचं.

मग दोन हॅश. हा ऑपरेटर मुळात टोकन, म्हणजे कोडमधले सुटे शब्द, जोडणारा, पण स्वल्पविराम आणि व्हीए-आर्ग्स (तीन टिंबांत आलेलं सगळं) यांच्या मधे बसवला, तर पुढे काही नसताना स्वल्पविराम गिळतो. ही जीएनयू प्रकल्पाची, सीच्या मानकाबाहेरची सवलत. जीसीसी आणि क्लँग हे कंपाइलर चालवून घेतात, मानकावर बोट ठेवणारी पेडँटिक तपासणी लावली की कुरकुरतात. आमच्या ग्राहकाला पेडँटिक तपासणीच हवी, आणि वॉर्निंग म्हणजे एरर.

उरली मोजणी, म्हणजे किती अर्ग्युमेंट्स (मॅक्रोला दिलेल्या गोष्टी) आली ते मोजायचं. त्यांच्या मागे उतरत्या क्रमानं आकडे लावून सगळ्यांना पुढे सरकवायचं. ठरलेल्या जागी जो आकडा येईल ती संख्या. युक्ती देखणी आहे, फक्त काहीच दिलं नाही तरी ती 'एक' हीच संख्या सांगते, कारण रिकामं अर्ग्युमेंट हेही अर्ग्युमेंट! म्हणून संदेशालाही मोजणीत धरायचं. एक आला तर स्वल्पविरामाविना मॅक्रो, जास्त आले तर स्वल्पविरामासकट. एका स्वल्पविरामापायी चार मदतनीस मॅक्रो ठेवले, पण चाललं.

तीन टिंबांचे मॅक्रो सीच्या १९९९ च्या मानकात आले. या स्वल्पविरामाची अधिकृत सोय म्हणजे व्हीए-ऑप्ट. ती सी++ मध्ये २०२० ला आली, सीमध्ये थेट सी२३ या मानकात. व्हीए-ऑप्टच्या कंसात स्वल्पविराम ठेवला, की पुढे कुणी असेल तरच तो उमटतो. आमच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा कंपाइलर अजून १९९९ मध्येच नांदतो.

टाइमशीटमध्ये मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'एक स्वल्पविराम काढला.'

सरांनी चष्मा वर केला. "पूर्णविराम असता तर सुट्टीच्या दिवशीही आला असतास का रे?"