पुणे–नागपूर, साकोलीमार्गे

पुणे ते नागपूर हा विमानप्रवास मी गेल्या आठवड्यात साकोलीमार्गे केला. नागपूरकराला यातली मेख सांगावी लागत नाही. इतरांसाठी एवढंच की पुणे नागपूरच्या पश्चिमेला आहे आणि साकोली पूर्वेला, भंडाऱ्याच्याही पुढे.

कारण म्हणाल तर धुकं. साध्या आयएलएसवर, म्हणजे विमानाला रेडिओनं धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेवर, विमान उतरवायचं तर धावपट्टीवर निदान ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं, आणि २०० फुटांवर येऊनही दिवे दिसले नाहीत तर वैमानिकानं निमूट परत वर जायचं असतं. आमचा वैमानिक शहाणा होता. त्यानं थोडा वेळ सोनेगाववर, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, घिरट्या घातल्या आणि आम्हाला रायपूरला नेलं. त्याच्यावर माझा राग नाही. तिथं आधी म्हणाले, इंधन भरतो आणि निघतो. मग म्हणाले, नागपूरला अजून दिसत नाही. मग दिसायला लागलं, तर वैमानिकाच्या ड्युटीचे तास भरले. शेवटी हातात वॉकीटॉकी धरलेला एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅम, बाहर कोच लगा है."

बाहेर ट्रॅव्हल्स उभी होती.

पुण्यात नोकरीला असलेल्या नागपूरच्या कुठल्याही माणसाला विचारा, ट्रॅव्हल्स म्हणजे काय. रात्रभराचा प्रवास, वरच्या स्लीपरला गळकं एसी, पहाटे कारंज्याच्या आसपास कुठंतरी अंधारात 'जेन्ट्स इकडं, लेडीज तिकडं'. या एका गोष्टीपासून सुटका व्हावी म्हणून मी दुपटीहून जास्त पैसे मोजून विमानाचं तिकीट काढलं होतं. ट्रॅव्हल्सच नशिबात होती तर ती मला पुण्यातच, अर्ध्या पैशात आणि गादीसकट मिळाली असती.

बरं, गाव कुठलं? नागपूर! १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं रोज मध्यरात्री आमच्या सोनेगावला जमायची, डाकेची पोती अदलाबदल करायची आणि सकाळच्या आत आपापल्या गावी परत जायची. १९७३ पर्यंत हे चाललं. आजही दिल्ली-बंगलोरच्या विमानात कुणाच्या छातीत कळ आली की विमान नागपूरला उतरवतात. देशभरातले आजारी प्रवासी आणि रुसलेली इंजिनं आमच्याकडे मुक्कामाला, आणि आम्ही रायपूरला. देशाच्या मध्यावर राहण्याचा फायदा देशाला होतो, मध्यावर राहणाऱ्यांना होत नाही. विषय वेगळा आहे, राहू द्या.

तर वॉकीटॉकीवाला यादीतून नावं वाचत होता आणि प्रत्येक आडनावाचा खून करत होता. एवढ्यात मागून आवाज आला, "असं नाही होत नं बाबू. आधी सामान, मंग बायालेकरं, मंग बाकीचे."

कानाला मफलर, अंगात सफारी, बगलेत चामड्याची पिशवी. वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी त्या मुलाच्या हातातली यादी अशी काही काढून घेतली की त्यालाही हायसं वाटलं असावं.

"अडतीस वर्षं यस्टीत होतो," काका सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "आधी कंडक्टर, मंग कंट्रोलर. भंडारा डिव्हिजन. चला, डिक्की उघडा."

पुढच्या दहा मिनिटांत ज्या शिस्तीनं सामान लागलं आणि माणसं बसली, तेवढी शिस्त त्या दिवशी दोन विमानतळांवर मिळून मला दिसली नव्हती. दारामागची पहिली खिडकी काकांनी स्वतःसाठी धरली. का, तर ती कंडक्टरची. मला त्यांनी शेजारी बसवलं. "ताई, तुम्ही समोर बसा, मागं लागते." मला गाडी लागत नाही हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ते विषयावरून पुढं गेले होते.

काकांना त्यांच्या मुलानं पुण्याहून आग्रहानं विमानात बसवून दिलं होतं. विमानाबद्दल काकांचं एकच मत होतं. "घंटी नाही, काही नाही. कोणी डबल मारत नाही, अन् सुटते कशी?"

इथं मात्र डबल होती. काकांनी खिशातून एक नाणं काढलं आणि वरच्या सामानाच्या दांडीवर टण-टण वाजवलं. ड्रायव्हर छत्तीसगडचा, त्यानं दचकून मागं पाहिलं. "दोन म्हणजे चाल, एक म्हणजे थांब," काकांनी समजावलं. दुर्ग येईपर्यंत तो इतका तयार झाला की राजनांदगावच्या पुढं एकाच्या हातून स्टीलचा डबा खाली पडला, तर त्यानं भर हायवेवर गाडी बाजूला घेतली.

मग काकांनी समोरच्या कप्प्यात हात घातला. कप्प्यात उलटीची कागदी पिशवी होती, विमानातली. कुणीतरी सोबत आणली असेल. ती त्यांनी मांडीवर नीट सपाट केली, बॉलपेननं रेघा ओढल्या आणि रकाने पाडले: पासून, पर्यंत, पूर्ण, अर्धे, सामान. खाली डाव्या कोपऱ्यात गाडीचा नंबर. उलटीच्या पिशवीवर वे-बिल, म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद, तयार! ते घेऊन ते सीटासीटावर फिरले. लोक बोर्डिंग पास काढून दाखवायला लागले. लॅपटॉप उघडून बसलेल्या एका तरुणानंही कानातली बोंडं काढून आज्ञाधारकपणे "पुणे-नागपूर, एक फुल" सांगितलं.

मागच्या सीटवर एक बाई दोन मुलांना घेऊन बसल्या होत्या. काकांनी धाकट्याकडे बोट केलं. "हा किती वर्षाचा?"

"साडेचार," बाई म्हणाल्या.

"मी सहाचा आहे!" पोरगं ओरडलं.

आता बघा. विमानात दोन वर्षांच्या पुढं मुलाला स्वतंत्र सीट आणि जवळजवळ पूर्ण भाडं. बाईंनी ते कधीच भरलेलं होतं. या गाडीत कुणी कुणाकडून छदाम मागत नव्हतं. तरीही समोर कंडक्टर उभा दिसताच त्या माउलीनं पोराचं वय पाचाच्या आत आणलं. काकांनी चश्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, 'अर्धे' या रकान्यात एकची खूण केली आणि म्हणाले, "एवढ्या वेळ सोडतो."

कंपनीनं आमच्या खाण्याची सोय केली होती, हेही सांगायला हवं. प्रत्येकाला एक कागदी कप. आत कोरडे पोहे. झाकणावर लिहिलेलं: उकळतं पाणी ओता आणि आठ मिनिटं थांबा. उकळतं पाणी विमानात असतं, आणि विमान रायपूरला. ज्या शहरात सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीसमोर माणसं उभ्यानं प्लेट संपवतात, त्या शहराच्या लोकांना चिमणीसारखे कोरडे पोहे टिपायला द्यायचे, याला उपमर्द म्हणतात. वॉकीटॉकीवाला आमच्यासोबत गाडीत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅम, हॉट वॉटर का प्रोव्हिजन नहीं है." देवरीला धाब्यावर गाडी थांबली. धाबेवाला म्हणाला, चहा घ्या, पाणी फुकट. अख्ख्या गाडीनं चहा घेतला. आठ मिनिटांनी पोहे फुगले, आणि ते कोरडेच बरे होते हे कळलं.

साकोलीच्या अलीकडे काका सावरून बसले. मफलर काढला, केस सारखे केले. "साकोलीले पाच मिनिटं स्टँडवर घ्या लागते," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. "एन्ट्री आहे."

कसली एन्ट्री, कुणाची एन्ट्री, असं वॉकीटॉकीवाला विचारेस्तोवर टण झालं होतं आणि गाडी स्टँडवर लागलीसुद्धा. काका पिशवी घेऊन उतरले. खिडकीतून मला कंट्रोलरची केबिन दिसत होती. आत विशीबाविशीतला वाटावा असा एक मुलगा बसला होता. काकांनी जाळीतून उलटीची पिशवी आत सरकवली. मला वाटलं, आता हा हसेल किंवा हाकलेल. त्यानं ती पिशवी वरून खालपर्यंत वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेळ टाकली, १४.४०. खाली सही केली. मग उभा राहून काकांना वाकून नमस्कार केला. ओळखीचा होता की नुसताच चांगल्या घरचा, कोण जाणे.

"सात तास लेट आहे आपण," काका परत येऊन समाधानानं म्हणाले. "पण लिहून घेतलं."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवसभरात आम्हाला उशीर झाला असं लेखी देणारा तो पहिला माणूस होता. रायपूरला मी तीच एक चिठ्ठी मागत होते. ऑफिसात दाखवायला नुसता एक कागद हवा होता. तर "सिस्टिम में नहीं आता मॅम". नियम मला माहीत आहेत. हवामानामुळे घोटाळा झाला तर भरपाई द्यायला विमान कंपनी बांधील नाही, २०१० पासून लेखी नियमात तसं आहे. ठीक, नका देऊ. धुकं काही तुम्ही पाडलं नाही. पण कोरडे पोहे धुक्यानं दिले नव्हते. आणि २९० किलोमीटर बसनं नेलेल्या माणसाकडून विमानाचं पूर्ण भाडं घेताना कुठंतरी, एखाद्या ओळीत, 'माफ करा' छापायला काय हरकत होती? आला तो मेसेज असा: रायपूरला आपलं स्वागत आहे.

भंडाऱ्याजवळ गाडी डिझेलला थांबली. पंपावर एक मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता. काकांचा पुतण्या. काकांनी खिडकीतूनच त्याच्याकडून बीपीच्या गोळ्या आणि एक जेवणाचा डबा घेतला.

"काका, तुम्ही भंडाऱ्याचेच का?" मी विचारलं.

"खास. गांधी चौकातून पाच मिनिटं."

"मग उतरा नं! घर आलं तुमचं."

"काहून उतरू?" काकांना खरोखर धक्का बसला. "तिकीट नागपूरचं आहे, ताई. मधात उतरलो त पैसे कोन वापस देते?"

पुतण्या माझ्याकडे बघून हसला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, घरी याच्याहून मोठे प्रसंग झाले असावेत. टण-टण. गाडी सुटली, वैनगंगा मागं पडली.

इथवर मला मजा वाटत होती हे खरं आहे. पुढचं मात्र अजून पचलेलं नाही.

माझं घर एचबी टाऊनला. भंडाऱ्याकडून येणारी गाडी मौदा, कापसी करत पारडीवरून शहरात शिरते आणि रिंगरोड धरते. म्हणजे माझ्या गल्लीच्या तोंडावरून. नवऱ्याला मी मौद्याहूनच फोन करून चौकात उभं राहायला सांगितलं होतं. पारडी आली तशी मी उठले, पर्स खांद्याला लावली आणि ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, चौक में साइड में लेना."

"नहीं मॅम," वॉकीटॉकीवाला दिवसभरात पहिल्यांदा खंबीर झाला. "लिस्ट में एअरपोर्ट टू एअरपोर्ट है. बीच में ड्रॉप अलाउड नहीं."

"अरे, माझं घर आहे हे! तो बघा माझा नवरा!"

"लायबिलिटी इश्यू है मॅम."

मी काकांकडे पाहिलं. एक टण एवढंच काम होतं. नाणं त्यांच्या हातात होतं.

काका वे-बिलाकडे बघत म्हणाले, "विनंती थांबा नाही नं हा, ताई."

चौकात नवरा स्कूटरवर पाय टेकून उभा होता. एक जास्तीचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं. गाडी त्याच्या नाकासमोरून गेली. मी काचेवर थापा मारल्या, त्यानं मला टाटा केला. वाठोडा, दिघोरी, मानेवाडा, ओंकारनगर असं सगळं दक्षिण नागपूर मी उभ्यानं पाहिलं, कारण रागानं परत बसावंसं वाटत नव्हतं.

विमानतळावर उतरल्यावर बाथरूमला आत जावं म्हटलं. दारातल्या जवानानं तिकीट मागितलं. बोर्डिंग पास दिला.

"ये तो अराइव्हल का है. आप अंदर से बाहर आइए."

"मैं बाहर से ही अराइव्ह हुई हूँ, भैया."

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या बॅगेवरच्या टॅगकडे पाहिलं. एका बाजूला रायपूरची धूळ होती. तो काहीच बोलला नाही. आतही सोडलं नाही.

टॅक्सीच्या रांगेत काका माझ्यामागं उभे. "ताई, पारडीले चालले नं? मले सोडा तिथं. नाक्यावरून भंडाऱ्याची यस्टी भेटून जाते."

एकाच रस्त्यानं दोनदा जाण्याचा तो प्रवास आम्ही गप्प केला. मी बोलत नव्हते. काका भाडं मोजत असावेत. नाक्यावर त्यांनी पिशवीचं बक्कल काढलं आणि नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या. मी मोजल्या तर चौथा हिस्सा.

"काका, दोघांत अर्धं-अर्धं होते."

"हो नं," काका दार लावत म्हणाले. "अर्धं माझं. त्यात पासष्टच्या वरच्याले हाफ."